नीव्ह, ईफा, शिव्हॉन: गेलिक नावं वाचायची कशी

पुढच्या महिन्यात तुम्ही डब्लिनला रुजू होताय आणि टीमच्या यादीतली पाच नावं अक्षरं सुटी करून तुम्ही लिहून पाठवली आहेत. विचारलंय की या गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेतल्या, स्पेलिंगला काही नियम आहे, की सरळ पाठच करायचं? आधी उत्तरं देतो. एन-आय-ए-एम-एच म्हणजे नीव्ह. ए-ओ-आय-एफ-ई म्हणजे ईफा. एस-आय-ओ-बी-एच-ए-एन म्हणजे शिव्हॉन. टी-ए-डी-एच-जी म्हणजे टायग; 'टायगर'मधला र काढून टाका. आणि सी-आय-एल-एल-आय-ए-एन म्हणजे किलियन, सिलियन नव्हे. ओपनहायमरची भूमिका करून ऑस्कर मिळवणारा किलियन मर्फी तो हाच.

नियम आहे, आणि इंग्रजी स्पेलिंगपेक्षा तो कितीतरी काटेकोरपणे पाळला जातो. आपली चूक इतकीच होते की रोमन अक्षरं दिसली की आपण इंग्रजी वाचू लागतो. हिंदी भाषक 'चहा'मधला च 'चार'मधल्या च सारखा वाचतो, तसंच हे. लिपी तीच, भाषा वेगळी.

सगळ्यात जास्त घोळ एच करतो. गेलिकमध्ये व्यंजनानंतरचा एच म्हणजे 'ह' नव्हे, आधीचं व्यंजन मऊ झाल्याची ती खूण आहे. बी-एच आणि एम-एच यांचा बहुधा व्ह होतो. म्हणून नीव्ह, शिव्हॉन. काही ठिकाणी तो विरूनच जातो: डी-ओ-एम-एच-एन-ए-एल-एल म्हणजे डोनल. डी-एच आणि जी-एच शब्दाच्या मधे आले तर बहुतेक वेळा ऐकूच येत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयरिश पुस्तकं जुन्या गेलिक वळणाच्या अक्षरांत छापत, तेव्हा या एचच्या जागी व्यंजनाच्या डोक्यावर फक्त एक टिंब असे. साध्या रोमन टाइपात छपाई सुरू झाली आणि टिंबाचा एच झाला. ही नावं इतकी लांबलचक दिसतात त्याचं अर्धं कारण हे आहे. मनातल्या मनात एचच्या जागी टिंब ठेवून पाहा, नाव लगेच आटोपशीर होतं.

दुसरा भाग मला फार आवडतो, कारण तो मराठी माणसाला आतूनच कळतो. आपण 'पैसा' म्हणतो पण 'पैशाला', 'घसा' पण 'घशात', 'माणूस' पण 'दर माणशी'. इ-य च्या शेजारी आला की स चा श होतो. गेलिकमध्ये नेमकं हेच घडतं. एसच्या शेजारी आय किंवा ई असेल तर श: शॉन, शिनेड, रोशीन. ए, ओ, यू असतील तर साधा स. इथे आयर्लंडमध्ये शाळेत मुलांना घोकायला लावतात की बारीक स्वराशेजारी बारीक, रुंद स्वराशेजारी रुंद. आय आणि ई बारीक, बाकीचे रुंद. व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे स्वर हवेत, म्हणून पुष्कळदा एखादा स्वर केवळ शेजार जुळवण्यासाठी घातलेला असतो. तो उच्चारायचा नसतो. शिव्हॉनमधल्या आय-ओ या जोडीतला ओ असाच आहे.

सी मात्र कायम क. जुन्या गेलिक वर्णमालेत 'के' हे अक्षरच नव्हतं, त्यामुळे कीरा, कीरन, किलियन ही सगळी सीनेच सुरू होतात. ए-ओ-आय हे त्रिकूट दिसलं की ई म्हणा: ईफा, कीव्हा (काही भागांत क्वीव्हा), आणि पंतप्रधानासाठीचा शब्द टीशॉख. त्यातला ख उर्दू 'ख़बर'सारखा घशातून. स्वरावरची तिरपी रेघ, म्हणजे फाडा, दीर्घपणा दाखवते. ईमेलमध्ये ती गाळू नका. रेघ असलेला शॉन हे नाव आहे. रेघ काढली की त्याच अक्षरांचा गेलिक अर्थ 'म्हातारा' होतो.

स्कॉटलंडच्या गेलिकमधलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे हाक मारताना शब्दाचा शेवट बदलतो: राम, पण 'रामा', मुलं, पण 'मुलांनो'. त्यांच्याकडे सुरुवात बदलते. शेमसला हाक मारायची तर 'अ हेमिश', मारीला 'अ व्हारी'. इंग्रजी कानांनी ती हाकच नाव म्हणून उचलली, आणि हेमिश हे स्वतंत्र नाव झालं. एम-एचने सुरू होणारी व्हारी तशीच आली. पण त्याच स्पेलिंगच्या काहीजणी स्वतःला मारी म्हणवतात.

इथे नियम संपतात आणि माणूस सुरू होतो. अभिनेत्री सर्शा रोनन स्वतःचं नाव सर्शा म्हणते. त्याच स्पेलिंगच्या इतर मुली सीर्शा असतात. आडनावांत तर हे फारच आहे, कारण बरीचशी इंग्रजी कारकुनांनी कानाने ऐकून लिहिलेली. 'गॅलहर' आयर्लंडमध्ये जी न उच्चारता म्हणतात, इंग्लंडमध्ये तेच 'गॅलगर' होतं. ओएसिस बँडचे भाऊ मँचेस्टरचे, ते गॅलगरच. त्यांना आयरिश उच्चार ऐकवून सुधारायला जाणं बरोबर नाही.

मालवण तालुक्यातल्या वराडचं आडनाव घेऊन लिओ वराडकर 2017 मध्ये टीशॉख झाले, तेव्हा बातम्यांत रोज 'व्हरॅडकर' ऐकू यायचं. रोमन डी वरून तो द की ड हे इथल्या माणसाला कळणार कसं? आपण नीव्हला 'नियाम' म्हणतो ती अडचण याच जातीची आहे.

मी स्वतः इथे आल्यावर दोन महिने एका सहकारी बाईंना 'नियाम' म्हणत होतो. त्यांनी एकदाही टोकलं नाही, आणि कळल्यावर मला फार वाईट वाटलं. म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी विचारा: 'तुमचं नाव तुम्ही कसं म्हणता?' इथे कुणाला त्याचा राग येत नाही. ऐकलं की लगेच देवनागरीत वहीत लिहून ठेवा. शिव्हॉन, ग्रॉन्या, रोशीन ही नावं आपल्या लिपीत इंग्रजीपेक्षा पुष्कळ नीट उतरतात. टायगचं गावाकडचं म्हणणं जरा वेगळं असेल, तर तेही त्याच्याकडूनच ऐका.