एआय आलं, आता फिजिक्स कशाला?

घोडबंदर रोडवरून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला. लेसर फ्युजनमध्ये, म्हणजे लेसरच्या जोरावर हलके अणू एकत्र करून ऊर्जा काढण्यात, टार्गेटचं (इंधनाच्या गोळीचं) डिझाइन हल्ली मशीन लर्निंगच्या मदतीने करतात असं तिने वाचलं आणि फिजिक्सच घ्यायचं म्हणते. वडील विचारतात, ‘डिझाइन एआयच करणार असेल तर फिजिक्स कशाला? नवी मुंबईत मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची कुठली सीट घेऊ?’

सीटचं नंतर बघू. तुम्ही जूनपासूनच्या सगळ्या चाचण्यांचे मार्क पाठवलेत, गणिताच्या ८० पैकी ६१ खाली लाल रेघ मारून. त्या ६१ ची मला काळजी नाही. काळजी वाटली ती पुढच्या ओळीने: ‘काय वाचते ते दिसावं म्हणून टेबल हॉलमध्ये आणलं.’ अहो, पोरगी फ्युजन वाचतेय आणि तुम्ही पहारा देताय? दोन पानी पत्रात तिचं म्हणणं अर्ध्या ओळीत उरकलंत, तेही ‘डोक्यात खूळ’ म्हणून. तुम्ही घ्याल ती सीट ती मुकाट्याने घेईल, चार वर्षं काढेलही. पण मनातलं घरी बोलायचं नसतं, हे ती आजच शिकतेय.

आता एआयचं. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत १९२ लेसर एका छोट्या धातूच्या नळकांड्यात सोडतात. आत जेमतेम दोन मिलिमीटरची, हिऱ्याच्या कवचाची पोकळ गोळी आणि तिच्या आतून ड्युटेरियम-ट्रिटियमचा, म्हणजे जड हायड्रोजनच्या इंधनाचा, गोठवलेला थर. कवच किती जाड, लेसरचा जोर कुठल्या क्षणी किती, ही जुळणी म्हणजे डिझाइन. असे प्रयोग मोजकेच होतात, मग मॉडेल शिकणार कशावर? हजारो सिम्युलेशनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या नकली प्रयोगांवर. ती सिम्युलेशन म्हणजे फिजिक्सची समीकरणंच, तीही अंदाज धरून सोडवलेली. गोळी दाबली जाताना कवचावरचा बारीकसा खड्डाही सगळं बिघडवू शकतो. सिम्युलेशन कुठे चुकतंय हे ओळखून, खऱ्या प्रयोगांच्या निकालांवर मॉडेल सुधारावं लागतं. ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा घालून ३.१५ मेगाज्यूल निघाली. त्याआधी मॉडेलने घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा निघण्याची शक्यता ७४ टक्के सांगितली होती. नुसतं कोडिंग येणाऱ्याला हा आकडा काढता आला नसता.

तिलाही एक स्पष्ट सांगतो: नेमक्या या कामाच्या जागा आपल्याकडे फार थोड्या. पण सिम्युलेशन आणि मशीन लर्निंग दोन्ही येणारी माणसं हवामानापासून बॅटरीपर्यंत सगळीकडे लागतात.

जेईई, सीईटी तुम्हाला माहीतच आहे. फिजिक्ससाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा देऊन भुवनेश्वरचं नायसर किंवा कालिन्याचं सीईबीएस या विज्ञान संस्था मिळतात, आयसर या विज्ञान संस्थांची परीक्षा वेगळी.

डोनेशन आत्ता भरू नका. बोर्डानंतरच्या सुट्टीत तिला पायथन या कोडिंगच्या भाषेत तापलेल्या सळईतून उष्णता कशी पसरते याचं सिम्युलेशन करू द्या, मग त्यावर छोटं मॉडेल शिकवू द्या. मॉडेल का चुकलं हे शोधण्यात रमली तर फिजिक्स. मॉडेल जलद कसं चालेल यात रमली तर कॉम्प्युटर. मग सीटसाठी मला खुशाल लिहा.