दुरुस्तीचे ४१ हजार की महिन्याला ७,३०० चा हप्ता?

प्रश्न: माझं वय ३९, राहायला साताऱ्यात, नोकरी शिरवळला. हातात ६८ हजार येतात. घराचा हप्ता २१,५००, कर्ज अजून १९ लाख बाकी. एसआयपी ८ हजार. घरखर्च आणि मुलीची शाळा मिळून २८ हजार. एफडी १ लाख ६० हजारांची. एलआयसीची ५ लाखांची जुनी पॉलिसी आणि कंपनीचा मेडिक्लेम, एवढाच विमा. जानेवारी २०१८ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ मोटरसायकल घेतली, ५२ हजार किलोमीटर झाले. कामाला कंपनीच्या बसने जातो. गाडी शनिवार-रविवारी आणि वर्षाकाठी एका मोठ्या ट्रिपला. सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन मिनिटं निळा धूर येतो, क्लच घसरतोय. गॅरेजवाल्याने ४१ हजार सांगितले. आहे त्या अवस्थेत एकाने ९५ हजार लावलेत. नवी हिमालयन ४५० ऑनरोड पावणेचार लाखांना पडते, म्हणजे २ लाख ८० हजारांचं कर्ज. साडेअकरा टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता ७,३००. पुढच्या जूनमध्ये हिमाचलमधल्या स्पितीला जायचंय. मित्र म्हणतात, जुन्या गाडीत पैसे घालणं म्हणजे पाण्यात टाकणं. बायको म्हणते, मला मागे बसवायचं असेल तर धड गाडी घ्या, नाहीतर ही विकून टाका. काय करू?

उत्तर: कर्ज काढून नवी घेऊ नका. आहे ती दुरुस्त करा, पण ४१ हजारांत नाही. वहिनींच्या म्हणण्यात मात्र दम आहे. मित्रांच्या बोलण्यात तेवढा नाही. त्यावर येतेच.

आधी ते ४१ हजार. तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. आमच्या घरी बुलेट आहे, त्यामुळे असले कागद वाचायची सवय आहे. पिस्टन, रिंग आणि बोअर १४,५००. वॉल्व सील, गॅस्केट, टॅपेट ४,५००. क्लच प्लेट ३,५००. चेन-स्प्रॉकेट ५,५००. हँडलचा कोन सेट २,०००. इथवर झाले ३० हजार. उरलेले ११ हजार टाकीचा रंग, क्रॅश गार्डचं पावडर कोटिंग आणि फॉग लाइट यांचे आहेत. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, ती हौस आहे. हौसेला माझी ना नाही, पण ती वेगळ्या पाकिटातून करायची. गॅरेजमध्ये गाडी उघडलेलीच आहे तर हेही करून टाका, असं म्हणता म्हणता बिल दीडपट होतं.

राहिलेल्या ३० हजारांतही एक प्रश्न आहे. तुम्ही लिहिलंय की धूर सकाळी स्टार्ट केल्यावर येतो आणि दोन-तीन मिनिटांत जातो. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल झिजलेल्या वॉल्व सीलमधून खाली झिरपतं आणि पहिल्या फायरिंगला जळतं, त्याचं हे नेहमीचं लक्षण. रिंगा गेल्या असतील तर गाडी गरम झाल्यावरही, चढाला थ्रॉटल पिळला की मागे धूर दिसतो. यवतेश्वरचा घाट चढताना मागून कुणालातरी दुसऱ्या गाडीवर यायला सांगा आणि बघा. हजार किलोमीटरला ऑइल किती कमी होतं तेही मोजा. नंतर दुसऱ्या फिटरकडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. त्याला फार तर काही शे रुपये लागतील. कॉम्प्रेशन ठीक निघालं तर १४,५०० चं काम आज करायची गरजच नाही, बिल साडेपंधरा हजारांवर येतं. ४११ सीसीतून जेमतेम २४ बीएचपी काढणारं हे इंजिन आहे, फार ताणलेलं नसतं. ऑइल वेळेवर बदललं असेल तर ५२ हजारांत ते म्हातारं होत नाही.

गाडी बंद झाली, आता पार्ट मिळणार नाहीत, ही भीती मित्रांनी घातली असेल. ४११ चं उत्पादन २०२३ च्या शेवटी थांबलं हे खरं. पण तेच इंजिन स्क्रॅम ४११ मध्ये होतं आणि २०२५ ला आलेल्या स्क्रॅम ४४० चं इंजिन त्याचंच वाढवलेलं रूप. रस्त्यावर या गाड्या इतक्या आहेत की पुढची काही वर्षं पार्टसाठी अडायचं कारण नाही.

आता हप्त्याकडे. ४१ हजार एकदम ऐकले की पोटात गोळा येतो आणि ७,३०० ऐकले की जमेल असं वाटतं. शोरूमचा सगळा धंदा या फरकावर चालतो. ७,३०० चे ४८ हप्ते म्हणजे साडेतीन लाख, त्यात व्याज ७० हजार. पावणेचार लाखांची गाडी चार वर्षांनी फार तर १ लाख ९० हजारांना जाईल, कारण ऑनरोडमधला आरटीओचा कर आणि विमा विकताना परत मिळत नाही. म्हणजे किमतीतली घट वर्षाला ४६ हजार, व्याज साडेसतरा हजार, वर सर्व्हिस, टायर, विमा यांचे २० हजार धरा. वर्षाला ८४ हजारांच्या आसपास झाले.

जुनीचं गणित याच पद्धतीने मांडू. पूर्ण ४१ हजारांचं काम केलंत असं धरलं तरी चार वर्षांत विभागून वर्षाला सव्वादहा हजार. ९५ हजारांची गाडी चार वर्षांनी ५० हजारांना गेली तर घट सव्वाअकरा हजार. चालवायचा खर्च मी मुद्दाम नवीपेक्षा जास्त धरलाय: विमा ५ हजार, दोन सर्व्हिस ६ हजार, टायर वर्षाला साडेचार हजार, चेन किटचे २ हजार आणि अचानक निघणाऱ्या कामाला ८ हजार. एकूण ४७ हजार. पेट्रोल दोन्हीकडे जवळपास सारखंच, म्हणून ते बाजूला ठेवलंय.

फरक महिन्याला तीन हजारांचा. हा आकडा राक्षसी नाही, आणि तुमच्या जागी हात मोकळा असलेला कुणी असता तर मी ‘घ्या’ म्हणाले असते. पण तुमच्या पगारातून हप्ता, एसआयपी आणि घरखर्च गेला की १०,५०० उरतात. हे साडेदहा हजार सध्या कुठे जातात ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि एफडी बघता ते साठत नाहीयेत. त्यातून ७,३०० गेले तर ३,२०० राहतील. पेट्रोल, टोल, राहणं-खाणं सगळं त्यातच. दारात चकचकीत ४५० आणि बामणोलीला जायचं तरी महिनाअखेर बघून, अशी गत होईल.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ मात्र गाडीची नव्हतीच. घराचं कर्ज १९ लाख, मुलगी शाळेत, छंद लांब पल्ल्याच्या मोटरसायकलचा आणि आयुर्विमा ५ लाखांचा! हे चालणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींचा जीएसटी सेससह ३१ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. त्याच तारखेपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला. सरकारने तुमच्यासाठी इतका स्पष्ट इशारा क्वचितच दिला असेल. वय साठपर्यंतचा १ कोटीचा टर्म प्लॅन (नुसता जिवाचा विमा, त्यात बचत नाही), धूम्रपान नसेल तर, महिना दीड ते दोन हजारांत बसावा. फॉर्ममध्ये छंदांचा प्रश्न आला तर मोटरसायकल टूरिंग लिहा, लपवू नका. गाडीच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर चालू आहे का तेही बघा. रिन्यूअल करताना एजंट ते कधी कधी वगळतो. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, तेव्हा तिघांचा स्वतःचा एक असायला हवा, पण तो पुढच्या सहा महिन्यांत केलात तरी चालेल. टर्म मात्र या महिन्यात.

गाडीच्या विम्याचं थोडं. ४११ असल्याने तुम्ही ३५० सीसीच्या वरच्या गटात येता. थर्ड पार्टीचा दर २,८०४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३०९. १५० ते ३५० सीसीच्या गाडीला तोच दर १,३६६ आहे. पैसे वाचवायला नुसती थर्ड पार्टी घ्यावी असं वाटेल, पण वहिनी मागे बसणार असतील तर तसं करू नका. फक्त थर्ड पार्टीत मागे बसणाऱ्याच्या भरपाईवरून वाद होतात. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी, ती ठेवा. गाडी पाच वर्षांपुढची असल्याने आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. ती फार खाली आणून प्रीमियममध्ये दोन-तीनशे वाचवण्यात काही अर्थ नाही.

आता वहिनींचा मुद्दा. तुमची गाडी जानेवारी २०१८ ची, म्हणजे एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. हिमालयनला दोन्ही चाकांचं एबीएस त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलं आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या दुचाकींना ते सक्तीचं झालं. नंतर बसवून घेण्यासारखी ती वस्तू नाही. भर पावसात कास-ठोसेघरचा रस्ता, मागे माणूस, समोर अचानक म्हैस: या प्रसंगात जुन्या आणि नव्या गाडीत खरा फरक पडतो. पॉवर, डिस्प्ले, सहावा गिअर यांच्यासाठी मी तुम्हाला एक रुपयाही खर्च करू देणार नाही. एबीएससाठी देईन.

पण त्यासाठी ४५० कशाला? २०२० पासूनची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) हिमालयन ४११ एबीएससह आली, मागच्या चाकाचं एबीएस हवं तेव्हा बंद करायची सोय धरून. २०२१-२२ ची, कमी चाललेली, एका हातातली गाडी दीड लाखाच्या आसपास शोधता येते. तुमची ९५ हजारांना गेली तर वरचे पन्नास-साठ हजार. कर्ज नको, वर्षभरात साठवता येतील. गाडी तीच असल्याने तुमचे पॅनिअर (बाजूला लावायच्या बॅगा), स्टँड, बरेचसे स्पेअर चालून जातात का तेही बघता येईल. धोका एकच, दुसऱ्याने ती कशी हाकली ते कळत नाही. स्वतःच्या गाडीचा प्रत्येक आवाज तुम्हाला पाठ आहे, त्याचीही किंमत असतेच.

म्हणून माझा क्रम असा. आत्ता वॉल्व सील, क्लच, चेन, कोन सेट एवढंच करा. साडेपंधरा हजार दोन महिन्यांच्या शिलकीतून निघतात, एफडीला हात लावायचा नाही. टाकी उतरेल तेव्हा पेट्रोलचे रबरी पाइपही बघून घ्या. तुमची बीएस-४ गाडी ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेली नाही, आणि आता पंपावर तेच मिळतं. गाडीच्या नावाने वेगळं बचत खातं उघडून महिन्याला चार हजार टाका. त्यात पेट्रोल आणि सगळा देखभाल खर्च बसतो. टर्मचे पैसे गेल्यावरही साडेचार हजारांच्या वर उरतात. ते बीएस-६ साठी साठू द्या. आणि तोपर्यंत पावसाळ्यात वहिनींना घाटात मागे बसवू नका. बसायला त्याही तयार नसतीलच.

इंजिन उघडल्यावर क्रँक किंवा बेअरिंगचं काम निघालं आणि एकूण आकडा ५० हजारांच्या पुढे जायला लागला, तर तिथेच थांबा. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त तिच्यात घालायचे नाहीत. आहे तशी विका आणि बीएस-६ लवकर घ्या. विकायची वेळ कधीही येऊ शकते, म्हणून दोन कागद आजच नीट करा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, जीएसटीसह ५३१ रुपये. ती नसेल तर आरटीओत नावबदल अडतो. आणि तेव्हाचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे का पाहा. अनेकांचं राहिलेलं असतं.

राहता राहिली स्पिती. त्या आठ-दहा दिवसांसाठी पावणेचार लाखांची गाडी लागत नाही. रेल्वेने चंदीगडपर्यंत जा, तिथून बसने मनाली. तिथे हिमालयन दिवसाला दोन हजारांच्या आसपास भाड्याने मिळते, एबीएसवाली. साताऱ्यापासून चालवत जाण्याची मजा वेगळी हे मान्य, पण सुट्टीतले जाता-येता सहा-सात दिवस हायवेवर जातात आणि टायरही झिजतात. भाड्याचे वीस हजार गाडीच्या खात्यातून आणि कमी पडले तर बीएस-६ च्या शिलकीतून काढा. बुकिंग करताना गाडी कमर्शियल नोंदणीची आहे ना आणि विमा चालू आहे ना, हे आरसीचा फोटो मागवून बघा, डिपॉझिटची पावती घ्या, आणि ताबा घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.