वाचकांचे प्रश्न : आपली कादंबरी आपणच काढताना

कथा-कादंबरी स्वतः प्रकाशित करण्याबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे थोडक्यात दिले आहेत.

माझी कादंबरी ५० हजार शब्दांची आहे. ३०० प्रतींना ४४ हजार रुपये सांगितले, हजार प्रतींना ८५ हजार. म्हणजे एक प्रत १४७ ऐवजी ८५ रुपयांत पडते. मग हजारच छापाव्यात ना? (केज, जि. बीड)

नका छापू. प्रतीमागचा खर्च घटलेला दिसतो, पण पैसे येतात ते विकलेल्या प्रतींतून. किंमत ३०० रुपये ठेवा आणि थेट वाचकाला २० टक्के सवलत द्या. हाती २४० येतात. टपालखर्च वेगळा घ्या. समजा पहिल्या वर्षात २०० प्रती गेल्या, तर ४८ हजार रुपये आले. ३०० छापल्या असतील तर खर्च निघून ४ हजार वर उरतात आणि १०० प्रती शिल्लक राहतात. हजार छापल्या असतील तर ३७ हजार अडकतात आणि घरात ८०० प्रती पडून राहतात. डेमी आकाराच्या (साडेपाच बाय साडेआठ इंच) १९२ पानी पुस्तकाचं वजन ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर कव्हरसकट सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे १८० किलो कागद तुम्हाला वाळवीपासून आणि ओलीपासून जपायचा आहे.

आता ते ४४ हजार मोडून मागा : अक्षरजुळणी आणि मांडणी किती, मुद्रितशोधन किती, मुखपृष्ठ किती, छपाई-बांधणी किती. पहिल्या तिन्हींचा खर्च एकदाच होतो. समजा ते १७ हजार असतील, तर छपाई २७ हजारांची, म्हणजे प्रतीला ९० रुपये. पुढच्या वेळी आणखी १०० प्रती काढताना तुम्हाला साधारण याच दराने फक्त छपाईचे पैसे द्यायचे आहेत. मात्र त्यासाठी मांडणीची मूळ फाइल, कव्हरची फाइल आणि वापरलेल्या फॉन्टची नावं तुमच्याकडे हवीत. नुसती पीडीएफ पुरत नाही, कारण तिच्यात एक चूक दुरुस्त करायची तरी पुन्हा त्याच माणसाकडे जावं लागतं. शेवटचा हप्ता देण्याआधी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

पानांचा हिशेब असा बसतो. डेमी पानावर साधारण २७५ शब्द मावतात, म्हणजे तुमची कादंबरी १८२ पानांची. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका वगैरे धरून १९०. एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा, म्हणून १९२ पानांचे १२ फॉर्मे नेमके बसतात. पुस्तक १९५ पानांवर गेलं तर तीन पानांसाठी तेरावा फॉर्मा लागतो. अशा वेळी अक्षर बारीक करू नका, वाचक वैतागतो. प्रकरणाच्या सुरुवातीला सोडलेली जागा दोन ओळींनी कमी केली की बहुतेक वेळा काम भागतं.

३०० प्रतींपर्यंत डिजिटल छपाई बरी. ऑफसेटला प्लेटचा खर्च आधीच पडतो आणि तो वसूल व्हायला किमान ५०० प्रती लागतात. मुखपृष्ठाची अंतिम फाइल पानं ठरल्याशिवाय करू नका. कण्याची (पुस्तकाच्या पाठीची) जाडी कागदावर आणि पानसंख्येवर ठरते. आठ मिलिमीटर धरून केलेलं कव्हर दहा मिलिमीटरच्या पुस्तकावर चढवलं की कण्यावरचं नाव कडेला सरकतं. छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी (न छापलेली नमुना प्रत) मागून घ्या आणि कणा स्वतः मोजा. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्डचं, मॅट लॅमिनेशनचं घ्या. लॅमिनेशन एकाच बाजूला असतं. पावसाळ्यात आतली बाजू ओल शोषून फुगते आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. प्रती आडव्या, वर वजन ठेवून, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा.

प्रकाशक म्हणतात, खर्च तुमचा, नाव आमचं, करार नंतर करू. चालेल का? (वसमत, जि. हिंगोली)

करार नंतर नको, पैसे देण्याआधी हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ नीट समजून घ्या. हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलं नसेल तर ते ५ वर्षं धरले जातात. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरते धरले जातात. म्हणूनच काही करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जग’ हे शब्द मुद्दाम घातलेले असतात. ते खोडा. खर्च तुमचा असेल तर प्रकाशकाला फक्त छापील मराठी आवृत्तीचा हक्क, तोही तीन वर्षांचा आणि ठरलेल्या प्रतींपुरता द्या. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट आणि मालिका हे हक्क लेखकाकडे राहतील असं नावानिशी लिहून घ्या.

आयएसबीएनसाठी एकाने पाच हजार मागितले. तो घेतला नाही तर कथा चोरीला जाईल का? (हिंगोली)

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा आणि लेखक-प्रकाशक म्हणून तुम्ही स्वतः करू शकता. छपाईच्या दोन महिने आधी करा. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, नुसत्या पुनर्मुद्रणाला नाही. दुसऱ्याच्या नावावरचा क्रमांक घेतलात तर नोंदीत प्रकाशक म्हणून तोच दिसतो.

चोरीशी या क्रमांकाचा संबंध नाही. लिहिल्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. आणखी एक काम बहुतेक जण विसरतात : १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या तीन ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. ३०० प्रतींच्या हिशेबात या चार आधीच वजा करा.

जुनं लिखाण श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये) आहे. युनिकोडमध्ये बदललं तर अक्षरं मोडतात. (नांदेड)

मोडतात ती ठरावीक जागी, म्हणून शोधणं सोपं आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘बिचाऱ्या’ यांतला अर्धा ऱ बदलून ‘दुसर्या’ होतो. रफार शेजारच्या अक्षरावर जातो. जोडाक्षरावरची पहिली वेलांटी जागा सोडते. ‘शुद्ध’चं ‘शुध्द’ होतं. अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. हे पाच प्रकार आधी शोधून दुरुस्त करा, मगच मुद्रितशोधकाकडे द्या. जुन्या फाइलवर झालेलं मुद्रितशोधन इथे कामाला येत नाही, नवी फाइल पहिल्या पानापासून वाचावी लागते. शेवटचं वाचन कागदावर करा. पडद्यावर सुटलेलं कागदावर दिसतं.

मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्यातला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडलेला हवा, नाहीतर वेलांट्या उलट्या बाजूला जातात आणि हलन्त उघडे पडतात. मजकुराची भाषा मराठी अशी नेमा. बऱ्याच फॉन्टांत तसं केलं आणि सोय असली तरच आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोफत आहे आणि कादंबरीच्या मजकुराला शोभतो.

माझी पात्रं उदगीर भागातली भाषा बोलतात. मुद्रितशोधकाने सगळं ‘शुद्ध’ करून परत दिलं. (उदगीर, जि. लातूर)

ही खरी हानी आहे. कागद-छपाईतली चूक पुढच्या आवृत्तीत निघते, पण बोलीचा सूर गेला की कादंबरीच वेगळी होते. चूक मात्र एकट्या शोधकाची नसते. त्याला तुमचा नियम माहीत नसतो.

हस्तलिखितासोबत शब्दपत्रक द्या. बोलीतले साठ-सत्तर शब्द आणि क्रियापदांची रूपं तुम्ही कशी लिहिता ते त्यात असावं. ‘कामून’ की ‘काहून’, ‘करायलास’ की ‘करलालास’, ‘व्हय’ की ‘हाव’. एकाच पात्राच्या तोंडी पान १२ वर एक आणि पान ८० वर दुसरं रूप आलं तर शोधकाला ती चूकच वाटणार. दोन पात्रं दोन तालुक्यांची असतील तर त्यांचे स्तंभ वेगळे करा. बीड-परभणीकडचं ‘मपलं-तुपलं’ उदगीरच्या म्हातारीच्या तोंडी घालायचं असेल तर ती माहेरची कुठली, हे वाचकाला कळलं पाहिजे. निवेदनात ‘केलं’ की ‘केले’ हेही एकदाच ठरवा.

‘सगळे एकदम बदला’ ही सोय बोलीच्या मजकुरावर अजिबात वापरू देऊ नका. ‘मंग’चं ‘मग’ करायला गेलं की ‘मंगल’ची ‘मगल’ होते, आणि ‘लई’च्या जागी ‘खूप’ घातलं की ‘कलई’ची ‘कखूप’. एकेक जागा बघूनच बदलायला सांगा. शेवटी फक्त संवाद त्याच भागातल्या एखाद्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. शब्दार्थांची यादी शेवटी जोडू नये असं आमचं मत आहे. वाक्यातून अर्थ लागत नसेल तर वाक्य पुन्हा लिहावं.

कथा एका ॲपवर भाग पाडून टाकली आहे. आता तीच किंडलवर टाकता येईल? (परभणी)

टाकता येईल, पण केडीपीवर (किंडलवर ई-बुक काढायची ॲमेझॉनची सेवा) ‘सिलेक्ट’ या योजनेची खूण करू नका. सिलेक्टमध्ये गेलं की ९० दिवस ती ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही, फुकटसुद्धा, ठेवता येत नाही. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत मजकूर चालतो. छापील पुस्तकाला हे बंधन नाही. ॲपवरची कथा तशीच राहिली तर ताकीद येते आणि खातं धोक्यात येतं. उलट बाजू अशी की भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन सिलेक्टमध्ये असेल तरच मिळतं, नाहीतर ३५ टक्के. ॲपवर वाचक जमला असेल तर तो मोडू नका. तिथे ही कथा ठेवा आणि नवी कादंबरी सिलेक्टमध्ये द्या. ९० दिवसांनी नोंद आपोआप पुढे चालू होते. नको असेल तर आधीच खूण काढा.

वितरक ५० टक्के मागतो. वाचनालयं घेतील का? (जालना)

वर दिलेल्या हिशेबात ३०० रुपयांच्या पुस्तकावर ५० टक्के दिले तर १५० हाती येतात आणि खर्च १४७ आहे. म्हणून पहिल्या ३०० पैकी वितरकाला ५० पेक्षा जास्त देऊ नका, आणि देताना प्रतींची संख्या, परतीची मुदत आणि पैसे कधी, हे चलनावर लिहून सही घ्या.

वाचनालयांसाठी दोन वाटा आहेत. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाचं आवाहन निघतं, त्याकडे लक्ष ठेवा आणि मुदतीत प्रत पाठवा. दुसरी वाट थेट भेटीची. जिल्ह्यातल्या ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाच्या वाचनालयांची यादी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून घ्या, मार्चअखेरच्या हिशेबाआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, एक प्रत आणि छापील बिलबुक घेऊन जा. बिल नसेल तर घ्यायची इच्छा असूनही ग्रंथपाल घेऊ शकत नाहीत.

दुसरं पुस्तक कधी काढावं? (धाराशिव)

पहिल्याच्या छपाईचे पैसे परत आले आणि दुसऱ्याचा मजकूर पूर्ण झाला, की. तोपर्यंत वहीत प्रत्येक थेट खरेदीदाराचं नाव, गाव आणि त्याच्या परवानगीने फोन नंबर लिहून ठेवा. अशी दीडशे नावं जमली की दुसऱ्या पुस्तकाची नोंदणी छपाईआधी दोन महिने सुरू करा आणि किती प्रती छापायच्या ते त्या आकड्यावरून ठरवा. पहिल्याच्या शंभर नव्या प्रती त्याच वेळी काढा, कारण दुसरं आवडलेला वाचक पहिलं मागतो.