अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, शेजारच्या आजींनी त्यांच्या लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) चर्चच्या हॉलिडे बझारला बोलावलंय. आपण हिंदू आणि शाकाहारी, मग जावं का? तिथे नेमकं असतं काय, आणि जमलेले पैसे कुठे जातात?

बिनधास्त जा हो. धर्मप्रचाराची धास्ती असेल तर ती आधी डोक्यातून काढा, फार तर कोपऱ्यातल्या टेबलावर नाताळच्या प्रार्थनेची वेळ लिहिलेलं कार्ड असतं, घ्या नाहीतर नका घेऊ, कोणी विचारत पण नाही. तुम्ही मिनेसोटा आणि लुथरन चर्च असं लिहिलंय, मीही इथल्याच एका छोट्या गावात राहते म्हणून इथलंच सांगते, दुसऱ्या राज्यात खायच्या गोष्टी बदलतात.

नोव्हेंबर लागला की हे सुरू होतं. हरणांच्या शिकारीचा सीझनही तेव्हाच उघडतो, बरेच नवरे बंदुका घेऊन जंगलात पळालेले असतात, त्यामुळे काही ठिकाणी मुद्दाम तोच शनिवार धरतात म्हणजे बायकांना रान मोकळं. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, विणलेले मोजे, जॅम, जुन्या कपबश्या, रॅफलची म्हणजे सोडतीची तिकिटं, आणि कुकी वॉक. म्हणजे हातात रिकामा डबा द्यायचा, टेबलाभोवती फिरत हव्या त्या कुकीज भरायच्या आणि शेवटी वजनावर पैसे. दार उघडायच्या आधीच जाऊन उभे राहा, दहा-साडेदहानंतर नुसता चुरा उरतो. आणि सुटे डॉलर न्या, गल्ला सांभाळणाऱ्या आजोबांना कार्ड दाखवून काही उपयोग नसतो.

पण खरं सांगू का, बझारच्या दिवशी नुसतं खरेदी करून आलात तर अर्धीच मजा. त्याच्या आधी एक दिवस लेफ्से करायचा असतो, त्याला जा. लेफ्से ही नॉर्वेहून आलेल्या लोकांची बटाट्याची पातळ पोळी, उकडलेला बटाटा किसणीसारख्या यंत्रातून काढायचा, लोणी-क्रीम घालून गार करायचा, मग मैदा मिसळून कापड लावलेल्या गोल पाटावर खाचा असलेल्या लाटण्याने लाटायची. आमच्याकडे आई आली होती तेव्हा तिला घेऊन गेले, इंग्लिश येस-नो-थँक्यूपुरतं. आधी तिला नुसतं पीठ मोजायला बसवलं होतं. तिने दहा मिनिटं बघितलं आणि सरळ एका आजींच्या हातातलं लाटणं मागून घेतलं, पुरणपोळी लाटणारा हात तो, पोळी अशी सरसर पसरली की मागची अक्षरं दिसावीत. फक्त ती लांब चपट्या काठीने तव्यावर टाकायची असते ते काही तिला पटेना, हातानेच टाकत होती, आजी ओरडतायत हॉट हॉट आणि ही हसतेय. पुढच्या वर्षी ती इथे नव्हती तर चार जणींनी विचारलं तुझी आई कुठाय. माझं नाव त्यातल्या दोघींना अजून येत नाही.

तिथे रोझेट पण मिळेल, फुलाचा लोखंडी साचा पातळ पिठात बुडवून तळतात. वसई किंवा गोव्यात नाताळात रोझ कुकीज खाल्ल्या असतील तर लगेच ओळखाल, साचासुद्धा तसाच.

पैसे कुठे जातात असंही विचारलंय. प्रत्येक चर्चचं वेगळं, आमच्याकडे थोडे छपराला, थोडे गावातल्या फूड शेल्फला, तिथून गरजूंना फुकट वाणसामान मिळतं. गोधड्या शिवणारा बायकांचा ग्रुप असतो, त्यांची सगळ्यात देखणी गोधडी रॅफलला आणि बाकीच्या ढीगभर लुथरन वर्ल्ड रिलीफ या मदतसंस्थेमार्फत परदेशी जातात. या बझारला बायकांचा टाइमपास समजू नका बरं का. बॉस्टनमध्ये 1834 पासून बायकांनी नाताळात असाच बाजार भरवून गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला पैसा उभा केला. चर्चचा नव्हता तो, पण पद्धत हीच. यादवी युद्धात 1863 ला शिकागोत सैनिकांच्या मदतीसाठी जत्रा भरवली तिची सूत्रंही बायकांकडेच, आणि लिंकनने गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा स्वतःच्या हातचा मसुदा तिथे विकायला दिला, तो 3,000 डॉलरला गेला!

आता तुम्ही शाकाहारी आहात म्हणून. वाइल्ड राइस सूप दिसायला निरागस पण त्यात बहुतेक चिकन असतं. ॲपल पायसारख्या पदार्थांच्या कव्हरमध्ये कधीकधी डुकराची चरबी असते आणि रंगीत जेलोत, म्हणजे गोड जेलीत, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन, तर विचारूनच घ्या, कोणाला राग येत नाही. लेफ्से लोणी-साखर लावून निर्धास्त खा. आणि स्वतः काही करून न्यायचं असेल तर आजींना आधी विचारा. हो म्हणाल्या तर नारळाच्या वड्या न्या, उचलायला सोप्या, पण काजू-बदाम घातले असतील तर डब्यावर ठळक लिहा, इथे नट ॲलर्जीवाली मुलं फार.