तीन टीव्ही, दोन रिसीव्हर, एक फोनलाइन

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: न्यू जर्सीत नवे घर घेतले आहे, डिश नेटवर्क या सॅटेलाइट टीव्ही कंपनीचे कनेक्शन घ्यायचे आहे, टीव्ही तीन ठिकाणी हवेत (फॅमिली रूम, वरची बेडरूम आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी येतील तेव्हा त्यांची खालची खोली) आणि फोनचा चालू जॅक फक्त स्वयंपाकघरात आहे. प्रत्येक खोलीत फोनची तार न्यायची कशी? मी गेल्या काही वर्षांत स्वतःच्या दोन घरांत आणि बऱ्याच मित्रांकडे हे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, टीव्ही मोजू नका, रिसीव्हर (टीव्हीला जोडायचे डिशचे डबे) मोजा. ६२५ किंवा ६२२ या जुन्या मॉडेलसारख्या दोन ट्यूनरच्या (एका वेळी दोन चॅनेल पकडणाऱ्या) रिसीव्हरवर दोन टीव्ही चालतात. एक शेजारी ठेवायचा, दुसऱ्याला कोअ‍ॅक्स केबलने (टीव्हीची जाड गोल तार) चित्र पाठवायचे. त्या दुसऱ्या टीव्हीचा रिमोट रेडिओलहरींवर चालतो, भिंतीपलीकडूनही. म्हणजे तुमच्या तीन टीव्हींना दोन रिसीव्हर पुरतील आणि फोनची तार दोनच ठिकाणी लागेल. मात्र अशा दोन ट्यूनरच्या रिसीव्हरला फोनलाइन जोडलेली नसेल तर त्या काळी महिन्याला ५ डॉलर जादा लागत. जोडलेली असेल तर ते माफ होत.

फोन कशाला लागतो हे कळले की बाकीचे सोपे होते. या रिसीव्हरमध्ये छोटा मोडेम (फोनलाइनवरून माहिती पाठवणारा भाग) असतो. तो अधूनमधून, बहुधा रात्री, एका टोल-फ्री नंबरला फोन लावतो आणि रिमोटने घेतलेल्या पे-पर-व्ह्यू (वेगळे पैसे देऊन पाहायच्या) चित्रपटांचा हिशोब पोचवतो. तुमच्या बिलात त्याचा एक सेंटही येत नाही. लाइन कुणी वापरत असेल तर तो थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे वेगळी लाइन घेण्याची गरज नाही. दुसरे कारण असे की सगळे रिसीव्हर एकाच घरात आहेत हे कंपनीला त्यावरून कळते. आपल्यात काही जण एका खात्यावर चार रिसीव्हर घेऊन दोन मित्राच्या घरी देतात. ते करू नका. तो करारभंग आहे, आणि पकडले गेलात तर सगळेच रिसीव्हर बंद होऊ शकतात.

आता तार. अमेरिकेतल्या घरात एका लाइनचे सगळे जॅक एकाच जोडीवर, समांतर जोडलेले असतात. जुन्या चार तारांच्या केबलमध्ये लाल-हिरवी ही पहिल्या लाइनची जोडी, काळी-पिवळी दुसऱ्या लाइनची. कॅट-५ई (नेटवर्कची) केबल असेल तर निळी आणि पांढरी-निळी. रिसीव्हरपर्यंत ही एक जोडी पोचली की काम झाले. एका लाइनवर साधारण ५ आरइएन (उपकरणाचा लाइनवरचा भार मोजायचा आकडा) एवढा भार चालतो. प्रत्येक उपकरणाच्या मागे त्याचा आकडा छापलेला असतो, त्यांची बेरीज करा. जुना घंटीचा फोन एकटाच १ खातो, मोडेम बहुधा त्याहून कमी. बेरीज फार वाढली तर फोनच्या घंट्या मंद होतात किंवा वाजतच नाहीत.

नवी तार ओढण्याआधी घर नीट बघा. ‘जॅक एकच आहे’ असे मला ज्यांनी ज्यांनी सांगितले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात आणखी दोन-तीन निघाले. कपाटामागे, पलंगामागे, कोऱ्या पांढऱ्या प्लेटखाली किंवा रंगाच्या थराखाली. साधा फोन हातात घेऊन प्रत्येक जॅकला लावा आणि डायल टोन ऐका. मुका जॅक सापडला तर निराश होऊ नका. भिंतीत तार आहे, फक्त कुठेतरी सुटली आहे.

ती कुठे सुटली ते बाहेर कळेल. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, बहुधा विजेच्या मीटरजवळ, करडा डबा असतो. त्याची एक बाजू फोन कंपनीची, तिला हात लावायचा नाही. दुसरी ग्राहकाची, ती साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडते. आत छोटा प्लग दिसेल. तो काढून तिथेच फोन लावा. इथे टोन आहे आणि घरात नाही, तर दोष घरातल्या तारेत आहे आणि दुरुस्ती तुमची. इथेही नसेल तर कंपनीला बोलवा. तारांना हात लावण्याआधी हा प्लग काढलेला असू द्या. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट असतात, पण घंटी वाजताना सुमारे ९० व्होल्टचा एसी येतो आणि तो चांगलाच झटका देतो. माझ्या मित्राच्या घरी बिल्डरने वरच्या खोल्यांच्या केबल बेसमेंटच्या छतापर्यंत आणून गुंडाळून सोडल्या होत्या. दोन तारा जोडल्या आणि तीन जॅक एकदम जिवंत झाले.

तार खरोखरच नसेल तर कोअ‍ॅक्स ज्या वाटेने जाणार आहे त्याच वाटेने फोनची केबलही घाला. डिश बसवायला माणूस येईल त्या दिवसाआधीच त्याला विचारा, कारण भोक एकदाच पाडावे लागते. बेसमेंटच्या तुळयांवरून नेताना विजेच्या तारांना खेटून नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. स्टेपल ठोकताना तो तारेच्या वरून बसू द्या, तारेत घुसू देऊ नका. स्वयंपाकघरातून पन्नास फुटी वायर गालिच्याखालून नेण्याचा विचार मात्र सोडा. आईबाबा घरात असतील, पाय अडकेल.

प्लगमध्ये खोचायचे वायरलेस जॅक मिळतात. ते विजेच्या तारांतून फोन पाठवतात. भाड्याच्या घरात भोके पाडता येत नसतील तर ठीक, नाहीतर माझी पसंती तारेलाच. घ्यायचेच असतील तर खोक्यावर ते सॅटेलाइट रिसीव्हरसाठी किंवा मोडेमसाठी असल्याचे लिहिलेले पाहा. नुसत्या आवाजासाठी बनवलेले चालत नाहीत. थेट भिंतीत लावा, सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत नाही. एका खोलीत चालले नाहीत तर दुसरा प्लग वापरून पाहा. घराची वीज दोन फेजमध्ये विभागलेली असते आणि सिग्नल एकीतून दुसरीत जाताना अडतो.

इंटरनेट डीएसएलचे (फोनच्याच तारेवरून येणारे) असेल तर प्रत्येक रिसीव्हरच्या फोनच्या तारेला डीएसएल फिल्टर लावा. हे मी अनुभवाने सांगतो. २००५ साली आधीच्या घरात मी बेडरूमचा रिसीव्हर फिल्टरशिवाय जोडला. पुण्याच्या टीमबरोबर रात्री उशिरा कॉल असायचे आणि मधूनच इंटरनेट तुटायचे. तीन आठवडे मी राउटर बदलत बसलो. शेवटी लक्षात आले की रिसीव्हर फोन लावायचा त्याच वेळी लाइन पडायची. फिल्टर लावला आणि ते तिथेच थांबले.

फोन इंटरनेटवरून, म्हणजे साधा फोन इंटरनेटला जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवरून असेल तर दोन गोष्टी. मोडेमचे सूर आवाज कॉम्प्रेस करणाऱ्या सेटिंगमध्ये बिघडतात, म्हणून अ‍ॅडॉप्टरची आवाजाची प्रत (दर्जा) सर्वांत वरची ठेवा. आणि अ‍ॅडॉप्टरची लाइन घरभर पसरवायची असेल तर आधी बाहेरच्या करड्या डब्यातून घराची तार सोडवा, पूर्णपणे. जुन्या कंपनीचे व्होल्ट लाइनवर राहिले तर अ‍ॅडॉप्टर जळू शकतो. हा टप्पा कधीही वगळू नका. रिसीव्हर ६२२ किंवा ७२२ असेल तर त्यांना इथरनेट पोर्ट (इंटरनेटच्या तारेचे भोक) आहे आणि ब्रॉडबँड जोडल्यावर फोनच्या तारेची अट पूर्ण होत असे. राउटर जवळ असेल तर मी हाच मार्ग घेईन.

सगळे जोडून झाले की मेनूतून सिस्टिम सेटअप, मग डायग्नोस्टिक्स, आणि तिथली फोनची चाचणी प्रत्येक रिसीव्हरवर चालवा. टोन डायलिंग निवडलेले आहे ना, आणि रिसीव्हर वापरलेला असेल तर आधीच्या मालकाचा एखादा प्रीफिक्स (नंबरआधी लावायचा आकडा) उरलेला नाही ना, एवढे बघा. कॉलर आयडीची सेवा असेल तर फोन करणाऱ्याचा नंबर टीव्हीवर दिसू लागेल. पुण्याहून आलेला फोन कधीकधी ‘अननोन’ दाखवतो, तेव्हा तो टाळू नका, घरचाच असेल.

उन्हाळ्यात वादळ आले की रिसीव्हरची फोनची तार आणि विजेचा प्लग दोन्ही काढून ठेवा. वीज, कोअ‍ॅक्स आणि फोन अशा तीन वाटांनी झटका आत येऊ शकतो. डिशची केबल घरात शिरते तिथे ती जमिनीशी जोडलेली आहे का, हे बसवणाऱ्याकडून त्याच दिवशी दाखवून घ्या. त्या करड्या डब्याचा आतला फोटो टाकलात तर कोणती तार कुठली हे मी बघून सांगेन.