ग्रंथाला गुरू का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा की शीख मूर्तिपूजा मानत नाहीत, मग गुरू ग्रंथ साहिब या आपल्या धर्मग्रंथावर चवरी का ढाळतात, त्याच्यापुढे डोकं का टेकवतात? शिवाय तुम्ही पहिल्यांदाच नांदेडला जाताय. माझा जन्म नांदेडातच गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मान असतो तो शब्दाला. गुरू नानकांची (जन्म १४६९) शिकवण 'इक ओंकार'पासून सुरू होते: ईश्वर एक, निराकार, निर्भय, निर्वैर. त्याच्याकडे नेणारा गुरूचा शब्द. नानकांनंतर नऊ गुरू झाले. दहावे, गुरू गोबिंदसिंगजी, यांनी १७०८ मध्ये इथेच गोदाकाठी देह ठेवला आणि गुरुगादी ग्रंथाकडे सोपवली. तेव्हापासून तोच हयात गुरू. पहाटे ग्रंथाचा 'प्रकाश' करतात, म्हणजे तो उघडतात, आणि रात्री 'सुखासन', म्हणजे मिटून विश्रांतीला ठेवतात. हुकुमनाम्यासाठी ग्रंथ सहज उघडतात आणि डाव्या पानावर वर जो शब्द, म्हणजे जे पद, येईल ती त्या दिवसाची आज्ञा.

आता त्या ग्रंथात कोण कोण आहे बघा. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये तो सिद्ध केला, तेव्हा गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद यांनाही घेतलं. आपल्या नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत. म्हणजे नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकणारा माणूस एका मराठी शिंप्याच्या शब्दांपुढेही झुकतो. मला हे आजही भरून आणतं.

आचरण तीन गोष्टींत येतं: नाम जपो, किरत करो, वंड छको. नाम घ्या, कष्टाचं खा, वाटून खा. संन्यास नाही, संसारातच राहायचं. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ स्थापन झाला. अमृत घेतलेले, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेले, शीख केस, कंगा (कंगवा), कडा (हातातलं कडं), कछेरा (आखूड चड्डी) आणि किरपाण (छोटी तलवार) हे पाच ककार, म्हणजे 'क'ने सुरू होणाऱ्या पाच खुणा, पाळतात. सगळेच शीख अमृतधारी नसतात, त्यामुळे पगडी दिसली की 'किरपाण कुठंय?' असं कृपा करून विचारू नका.

जाताना डोकं झाका, रुमाल चालतो. चपला जोडाघरात द्या, पाय धुवा. तंबाखू-सिगारेट खिशातसुद्धा नको. कडाहप्रसाद ओंजळीत घ्यायचा. कणीक, तूप, साखर समान, त्यामुळे हात तुपाने माखतात.

आणि लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं सगळ्यांसाठीचं जेवण, न घेता परतू नका. पंगतीत जमिनीवर बसायचं, शेजारी कोण ते विचारायचं नाही. रोटी ताटात टाकत नाहीत. सेवादार समोर आला की दोन्ही हात पुढे करून ती घ्यायची. लहानपणी मी एकच हात पुढे केला होता. वाढणारे म्हातारे बाबाजी रागावले नाहीत. रोटी तशीच धरून थांबले, माझा दुसरा हात वर येईपर्यंत. जेवण झालं की भांडी घासायला बसा, जागा कुणीही करून देईल.