'पार्लानो'त जोर 'पार'वर का?

तुम्ही विचारलंय की इटालियनमध्ये 'पार्लाते' (तुम्ही बोलता) म्हणताना जोर 'ला'वर असतो, मग 'पार्लानो' (ते बोलतात) म्हणताना तो मागे 'पार'वर का सरकतो?

तो सरकत नाही, मुळात तिथेच असतो. वर्तमानकाळात मी, तू, तो आणि ते या चारही रूपांत जोर धातूवर राहतो. पाऽर-लो, पाऽर-ली, पाऽर-ला, पाऽर-ला-नो (अवग्रह आहे तिथे जोर). प्रत्ययाकडे तो ओढला जातो फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही'त: पार-ल्याऽ-मो, पार-लाऽ-ते. म्हणून 'तो'चं रूप म्हणा आणि त्याला 'नो' हलकेच चिकटवा. 'प्रेंदेरे' (घेणे) सारख्या क्रियापदांत 'मी'च्या रूपाला चिकटवा: प्रेंऽदो, प्रेंऽदोनो.

आपला कान फसतो कारण 'रोमाऽनो', 'इतालियाऽनो' असे शब्द आधी कानावर पडलेले असतात. माझे आईवडील पुण्यात राहतात हे सांगताना मी कित्येक महिने 'आबिताऽनो' म्हणत होतो. शेवटी घरमालकीणबाईंनी टेबलावर बोटाने ठोकून दाखवलं: पहिला ठोका मोठा, पुढचे तीन बारीक. आऽ-बि-ता-नो. जोर शेवटून चौथ्या अक्षरावर!

आता खरी अडचण. धातूतल्या कुठल्या अक्षरावर जोर, हे मूळ रूप सांगत नाही. 'आबिताऽरे' आणि 'आर्रिवाऽरे' (पोहोचणे) एकाच ठेक्यात म्हणतात, पण मी राहतो म्हणजे 'आऽबितो' आणि मी पोहोचतो म्हणजे 'आर्रीऽवो'. त्यामुळे नवं क्रियापद पाठ करताना 'मी'चं रूपही सोबत पाठ कराच. लिखाणात मदत मिळत नाही; जोर शेवटच्या अक्षरावर असेल तेव्हाच तिथे चिन्ह देणं सक्तीचं असतं. काऽपितानो म्हणजे 'घडतात', कापिताऽनो म्हणजे कप्तान, कापितानोऽ म्हणजे 'त्याने नेतृत्व केलं'. एरवी पहिले दोन अगदी सारखेच छापतात, चिन्ह मिळतं ते तिसऱ्याला.

अक्षरं तोडताना एक सवय मोडावी लागेल. आपण पुस्-तक असं तोडतो. इटालियनमध्ये असा 'स' पुढच्या व्यंजनाबरोबर जातो, म्हणून 'मला समजतं' हे का-पीऽ-स्को. जोडाक्षराचं द्वित्व मात्र आपल्याला आयतं येतं. मका आणि मक्का यांत आपण गोंधळत नाही, तसंच 'पार्लेरेऽमो' (आम्ही बोलू) आणि 'पार्लेरेऽम्मो' (शक्य असतं तर आम्ही बोललो असतो) यांत 'म'वर नीट थांबा. तिथे घाई केलीत तर जर-तरचं बोलणं सरळ वचन होऊन बसतं.